सल्फाइडची चिमूट

सडक्या अंड्याचा वास आला की अंबडचा कारखाना आठवतो. तिथं सांडपाण्याच्या ॲसिडच्या टाकीत आम्ही सल्फाइट टाकायचो. त्या दिवशी गोणीवरच्या नावात शेवटी 'ट'ऐवजी 'ड' दिसला, सल्फाइड, म्हणून मी थांबलो. नवा साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, "चौथी नापास तू, मला केमिस्ट्री शिकवतो? नावाचं शेपूट काय बघत बसलास, ओत." मी टाकीतलं पाणी ग्लासात घेतलं, त्याच्या टेबलावर ठेवलं अन् गोणीतली चिमूट त्यात सोडली. वास सुटला तसा साहेब जेवणाचा डबा टाकून पळाला. मी मागून म्हणालो, "साहेब, ही नुसती चिमूट. गोणी ओतली असती तर या विषारी वायूनं सगळे मेलो असतो." पुढं रोज गोणीवरचं नाव शेपटासकट मी त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं. आता म्हातारा झालो, तरी वाटतं, चिमूट जरा मोठी घ्यायला हवी होती.