दुपारचा अंगठा

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगून राहिलोय ते मन मोकळं करायला नव्हे — आणि हळहळू तर अजिबात नका. डोकं फिरतं माझं त्यानं.

मी नांदेडला वकिली करतो. म्हणजे कायदा माहीत नव्हता, असं म्हणायची सोयच नाही. भान नसलेल्या माणसाचा होकार होकार नसतो, तो करार करारच नसतो — हे कोर्टात घसा फोडून कितीदा सांगितलं असेल! लाज? ती असती तर हे लिहायची वेळ आली असती का?

लोह्याजवळ आमच्या वडिलांची जमीन. तिच्यात वाटा अक्काचाही — थोरली बहीण, माझ्याच घरी राहायची. आमच्याकडं बहिणी हक्कसोड करून देतात, भाऊ साडीचोळी करतो, संपला विषय. अक्का मात्र हटेना. "न्हाई देणार. माझ्या छायाचं हाय ते." छाया तिची एकुलती लेक. नवऱ्यानं टाकलेली, हिमायतनगरला भाड्याच्या खोलीत शिवणकाम करणारी.

पण अक्काला लकवा होऊन गेला होता. सकाळी ती तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणी. दुपार झाली की मला आमचे वडील समजायची. काहीही विचारा — "हाव, बाबा."

कळलं आता? हक्कसोडीच्या रजिस्ट्रीची वेळ मी मुद्दाम दुपारची घेतली.

नवी साडी नेसवून नेलं. रजिस्ट्री ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं देताय ना, मावशी?" अक्कानं माझ्याकडं बघितलं. "हाव, बाबा." साहेबांना वाटलं, म्हातारीची बोलायची रीत असेल. मी काय केलं? तिचा अंगठा धरून टेकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायला लागली, काल कुठं नेलतंस रे? म्हणालो, दवाखान्यात.

अक्का गेली. दोन-चार दिवसांनी छायानं विचारलं, "मामा, आईचा वाटा?" मी कागद पुढं केला. वाचून म्हणाली, "आईला समजत नसंल तवा." आणि माझ्या तोंडातून काय निघालं? — "सकाळी नेलं होतं तिला. चांगली भानावर होती. मीच नको नको म्हणत होतो."

भांडली असती तर बरं झालं असतं. "म्हंजी आईलाच मी नको होते," एवढं बोलली आणि चप्पल घालून निघून गेली.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती आली नाही. लोक विचारू लागले, लेक कुठंय? मी म्हणालो — वाट्यावरून रुसून बसली, दुसरं काय!