डबी मी धरली होती

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — आईलाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

मुंग्या खाणाऱ्या कीटकांवर मी संशोधन करते. या विषयाकडे कशा वळलात, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असतं — नववीत, पाथर्डीकडच्या आमच्या गावी, शाळेमागच्या दगडांत मला एक किडा दिसला. वाक्य सुटसुटीत आहे. त्यातलं ‘मला’ खोटं आहे.

तो किडा मुंगीला सोंड खुपसून शोषतो आणि तिचं रिकामं कलेवर पाठीवर चिकटवतो. एकावर एक. कोळ्याला, पालीला मग किडा दिसतच नाही. मेलेल्या मुंग्यांचा ढीग दिसतो. मला तर नुसता कचरा दिसला होता. सविताने — माझ्या बाकावरच्या, माझ्या एकुलत्या मैत्रिणीने — माझा दंड ओढला. “आगं शहाणे, कचरा न्हाई त्यो! मुंग्यांचं गाठुडं चाललंय, पाय हायेत बघ त्याला!”

पुढे कित्येक दिवस मधल्या सुट्टीत ती काडीने त्याला हळूच फिरवायची, माझ्या वहीत त्याची चित्रं काढायची. मी किडा ठेवायची डबी धरून बसायची. इतकं निर्भेळ सुख मला पुन्हा कधी मिळालं का?

दसऱ्यानंतर सविता आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्या चित्रांवरून मी तक्ता केला, तेव्हा बाईंनी विचारलं, “सविताचंही नाव घालू ना? निवड झाली तर तिला वसतिगृहात ठेवा म्हणून मी शब्द टाकीन, म्हणजे तिची शाळा सुटणार नाही.”

म्हणजे परिणाम मला ठाऊक होता — हे लक्षात घ्या.

मी म्हणाले, “तिने नुसती डबी धरली होती, बाई.”

निवड झाली. उन्हाळ्यात ती परतली, तळहातांना घट्टे पडलेले. शाळेच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. खाली माझं एकटीचं नाव होतं. मग हसून म्हणाली, “आपला किडा लई मोठा झाला की गं.”

आपला!

दहावीला ती आलीच नाही. तिचा ठावठिकाणा काढणं अवघड नव्हतं. मी काढला नाही.

आता माझ्यापाशी उत्तम भिंगं आहेत. किडा नवं कलेवर पाठीवर चढवतो, आणि मी अजून शेजारी वळते — कोणीतरी दंड ओढावा म्हणून. शेजारचं स्टूल रिकामं असतं.

पाहिलं सविताने. डबी मी धरली होती.