पाठमोरा चाहता

अंबडला आमच्या कारखान्याबाहेरच्या टपरीवर तो रोज भेटतो. लेथवर काम करतो. नाव मी कधी विचारलं नाही, कारण आमचं बोलणं फुटबॉलपुरतंच. परदेशातल्या एका क्लबला तो ‘आपण’ म्हणतो. ‘आपला डिफेन्स लय ढिला हाय, भाऊ,’ हे तो घरातलं आजारपण सांगावं तसं सांगतो.

शनिवारी त्या क्लबची त्याच्याच गावच्या दुसऱ्या क्लबशी सीझनची शेवटची मॅच होती. हरलो तर खालच्या लीगमध्ये जायची पाळी होती. शिफ्ट सुटल्यावर आम्ही सगळे एका मोबाइलभोवती जमलो. हा मात्र पाठ करून उभा. आपण पाहिलं की टीम हरते, असं त्याचं ठाम मत आहे. इतका जीव लावायचा आणि बघायचंच नाही, याचा मला रागच येतो. शेवटच्या मिनिटांत तर तो हेल्मेट घालून गाडीपाशी जाऊन थांबला.

आम्ही जिंकलो. मी जाऊन सांगितलं. त्यानं हेल्मेट काढलं, डोळे चोळले आणि ‘सुटलो एकदाचे’ म्हणाला. आवाज डबल ड्युटी करून आल्यासारखा.

‘आता तरी गोल बघ,’ म्हणत मी मोबाइल पुढे केला.

त्यानं मान फिरवली.

‘नको, भाऊ. पुढच्या सीझनला परत खेळायचंय आपल्याला.’