ओळख पटवायला

दिवेआगरच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलंय, येऊन बघून जा, असा पोलिसांचा फोन आला आणि गोदूने मासळीची पाटी तशीच ओट्यावर ठेवली. एकदऱ्याच्या या कोळणीचा मुलगा सुजित तीन महिन्यांपूर्वी होडी उलटून बुडाला होता. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. सुजित सापडलाच नाही. तेव्हापासून असा हा चौथा फोन.

सून शिवानीला घेऊन ती आगरदांड्याहून दिघीच्या फेरीबोटीत बसली. रविवार होता. बोट गाड्यांनी खच्चून भरलेली. एका दिवसात तीन गावं बघायला निघालेले पाहुणे कठड्याला टेकून फोटो काढत होते. टोपीवाल्या एका बाईने सरकून जागा दिली.

"काकी, तुम्हीपण फिरायला?"

"व्हय," गोदू म्हणाली. दुसरं काय सांगणार?

शिवानी पाण्याकडे पाठ करून बसली होती.

सरकारी दवाखान्यामागच्या खोलीत हवालदाराने चादर बाजूला केली. चेहरा उरलाच नव्हता.

"हेच," शिवानी एकदम म्हणाली. "हेच आहेत. सही कुठं करू?"

गोदू पायांकडे गेली. सुजितच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणीच दोराच्या फासात तुटली होती. इथे पाचही बोटं शाबूत होती.

"हा माझा न्हाय," ती म्हणाली.

शिवानीने तिला ओढतच बाहेर नेलं. "आई, मला दिसत नाही का? पण मी अशी किती दिवस राहू? सवाष्ण म्हणून कुणी ओटी भरत नाही, विधवा म्हणून कुणी मोकळं करत नाही. करू दे ना सही!"

पोरगी चोवीस वर्षांची. गोदूला क्षणभर वाटलं, गप्प बसावं.

"याचीबी आय दारात उभी असंल, पोरी. आपण याला जाळला, तर ती मरंपर्यंत उभीच ऱ्हाईल."

"आणि मी?"

गोदू आत गेली आणि हवालदाराला पुन्हा म्हणाली, न्हाय.

परतीच्या बोटीत शिवानी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. पंधरवड्याने तिचा भाऊ आला आणि तिला उरणला माहेरी घेऊन गेला. निघताना ती पाया पडली.

त्या प्रेताचं पुढे काय झालं, हे गोदूने हवालदाराला फोन करून विचारलं. कुणीच आलं नाही, शेवटी बेवारस म्हणून जाळलं, असं तो म्हणाला. गोदूने सुनेला अडवलं होतं, आणि त्या आईच्याही हाती काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने शिवानीला फोन लावला. भावाने उचलला.

"ती नाही बोलणार," तो म्हणाला.