भोईर सरांचा सदरा

भोईर सर नमस्कार करायच्या आधी समोरच्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरत. "कपडा कुठचा?" आम्हा बाईमाणसांना मात्र लांबूनच विचारत, "बाई, साडी कुठची?" भिवंडीची, असं उत्तर त्यांना कधी मिळालं नाही. इथलं कापड कोरंच बाहेर जातं आणि रंगून येतं ते दुसऱ्या गावाचं नाव लावून. सरांना हे फार लागे.

कामतघरच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवत. जवळच्याच कोन गावात त्यांच्या घरामागे वडिलांच्या वेळच्या दोन लूम होत्या, तोट्यात चालणाऱ्या. घरचे म्हणत, भंगारात घाला. सरांचं एकच पालुपद, "एकदा कोनीतरी आपला कपडा घालून ष्टेजवर उभा राहूदे, मंग घाला."

अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांना तिकडच्या एका जुन्या वर्तमानपत्राची झेरॉक्स पाठवली होती. पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीची बातमी. उंची कापड तेव्हा विलायतेहून येई. हा गडी मात्र देशातच विणलेलं तपकिरी कापड घालून उभा राहिला, आणि पेपरवाल्यानं तेही छापलं. दरवर्षी वर्गात तो कागद नाचवत सर म्हणत, "शपथ कोनी पन घेतो रं. अंगावं काय व्हता, तो लिवला, म्हनून हा खरा पेपरवाला!" मुलं शाळेच्या फळ्यावर बातम्या लिहीत, त्यांनाही हाच दंडक.

२००९ च्या जानेवारीत तिकडे नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. स्टाफरूममध्ये गर्दीच्या, भाषणाच्या गप्पा. सर सगळे पेपर उलथेपालथे करून वैतागले. "कोटाचा कपडा कुठचा, एकानं लिवला नाय!" आम्ही पोट धरून हसलो.

त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला आले ते आपल्याच लूमवरच्या कोऱ्या, जाड्याभरड्या कापडाचा सदरा शिवून. मुख्याध्यापक कुजबुजले, "अहो, कोरं कापड मयताला आणतात. शुभ दिसत नाही."

"नको दिसूदे," म्हणत सर मंचावर चढले. सदरा टोचत असावा, सारखी मान खाजवत होते. चेहरा मात्र नवरदेवाचा. बोलायला उभे राहिले आणि नेमकी वीज गेली. माईक बंद. शेजारच्या कारखान्यातल्या लूम मात्र जनरेटरवर धडधडतच होत्या. भाषण पहिल्या रांगेलाही ऐकू आलं नाही. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाचे शेवटचे शब्द असे वाया जावेत!

दुसऱ्या दिवशी सर कपाट रिकामं करायला आले, अंगात तोच सदरा. फळ्यावर सातवीच्या मुलींनी बातमी लिहिली होती: "काल भोईर सरांना निरोप दिला. सरांच्या अंगावर कोनला विणलेलं कापड होतं. भाषण ऐकू आलं नाही."

सरांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. सदऱ्याचं टोक चिमटीत धरून डोळे पुसले.

"बाई, पेपरात आला," ते म्हणाले. "आता घाला लूम भंगारात."