ओला पडदा
ओल्या मांजरपाटाचा वास आला की निजामाच्या राज्यातला उमरग्याचा सिनेमाचा तंबू आठवतो. मुक्या चित्रांचा पडदा पाण्यानं भिजवायचे, म्हणजे पडद्याच्या मागं बसलेल्या बायकांनाही चित्र आरपार दिसायचं. तान्हा भाऊ गेल्यापासून गप्प झालेली आई हसावी म्हणून वडिलांनीच आम्हाला आणलं होतं. पडद्यापुढं, पुरुषांच्या बाजूला, ते चित्राला साथ म्हणून पेटी वाजवत होते. पडद्यावरचा विदूषक बाळाला झोपवता झोपवता स्वतःच पाळण्यात कोसळला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि पेटीतून भावाची रोजची अंगाई निघाली. आईनं पदर तोंडात कोंबला. शेजारणीला वाटलं, हसतीय. घरी वडिलांनी विचारलं, "हसलीस का गं?" "व्हय, लई हसले." त्यांचा चेहरा उजळला. आपल्या बोटांनी काय वाजवलं, ते त्यांना कळलंच नव्हतं. आईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही आज, दोघं गेल्यावरच, लिहितेय.