काढणीआधी बंद केलेली गोळी

द्राक्षबागेत आमच्या ह्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. छाटणी झाली की पान कितीही स्वच्छ असो, फवारणी ठरलेली. शेजारचे विचारायचे, "अहो, डावणी रोग आहे कुठे?" हे खेकसायचे, "रोग दिसल्यावर फवारून काय उपयोग? जळालेलं पान परत हिरवं होतं का?"

आणि हाच शहाणा माणूस स्वतःच्या गोळीशी असा वागला!

रक्तदान शिबिरात कळलं, ह्यांना हिपॅटायटिस बी आहे, म्हणजे बी प्रकारची कावीळ. नाशिकच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. म्हणाले, "ही विषाणूला वाढू देत नाही, पण तो मरत नाही. लिव्हरमध्ये दबा धरून बसतो. मला विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही." मला आणि मुलांना लस टोचली. वर्षभरानं रिपोर्ट आला, रक्तात विषाणू सापडत नाही. मी पेढे वाटले. तिथंच चुकलं माझं.

त्या हंगामात आमचा माल पहिल्यांदाच युरोपला जायचा होता. काढणीआधी ठरलेले दिवस फवारणी बंद ठेवायची, नाहीतर मण्यात औषधाचा अंश, म्हणजे रेसिड्यू, राहतो आणि माल नापास होतो. ह्यांच्या डोक्यात दिवसरात्र तेच. एकदा कपाट आवरताना गोळ्यांचं पाकीट भरलेलंच दिसलं.

"माल स्वच्छ झाला की औषध थांबवायचं असतं," हे म्हणाले. "अंगात रेसिड्यू राहतो."

"अहो, तुम्ही काय द्राक्षं आहात का?" मी कपाळावर हात मारला.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

भांडले, रडले, सासूबाईंना मध्ये घातलं. पालथ्या घड्यावर पाणी. इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता.

माल पास झाला. चैत्रात ह्यांचे डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी. डॉक्टर ओरडले ते माझ्यावर, "तुम्ही लक्ष द्यायला नको?" घ्या! गोळी पुन्हा सुरू झाली, विषाणू पुन्हा दबला. पण मधल्या काळात लिव्हर गेलं ते गेलं.

दवाखान्यात हे रोज वेळेवर गोळी मागून घ्यायचे. एका सकाळी माझा हात धरून म्हणाले, "आता एकही चुकवत नाही गं. मग बरं का वाटत नाही?"

उत्तर त्यांचंच होतं, जळालेल्या पानाचं. मी पाण्याचा पेला पुढे केला.